भूतानच्या सहली काढणाऱ्या मराठी सहल कंपन्यांना खुलं पत्र

पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर, नागपूर आणि जिथून जिथून भूतानला गट निघतात तिथल्या सर्व सहल आयोजकांना,

सप्रेम नमस्कार.

भूतानहून परत आल्यावर कंपनीने अभिप्रायाचा फॉर्म भरून घेतला. हॉटेल, जेवण, बस, सहल व्यवस्थापक, सगळ्यांना तारे द्यायचे होते. मी सगळ्यांना पाचपैकी पाच दिले, कारण व्यवस्थेत खोट काढण्यासारखं काही नव्हतं. जे सांगायचं होतं त्यासाठी त्या फॉर्मवर रकाना नव्हता, म्हणून हे पत्र लिहिते आहे. कंपनीचं नाव मुद्दामच घेत नाही. वेगवेगळ्या कंपन्यांबरोबर भूतानला जाऊन आलेल्या मैत्रिणींशी आणि नातेवाइकांशी बोलले, तेव्हा लक्षात आलं की सगळ्यांची सहल थोड्याफार फरकाने तीच होती. बागडोगऱ्याला उतरायचं, सीमेवरच्या फुंत्शोलिंगला पहिला मुक्काम, मग थिंफू, पुनाखा, पारो आणि पुन्हा बागडोगरा.

आधी एक गोष्ट मनापासून सांगते. तुमच्यामुळे माझ्या वयाच्या कितीतरी बायका एकट्या घराबाहेर पडल्या. आमच्या गटात पंच्याहत्तरीच्या आजी होत्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालेले एक काका होते, नवरा गेल्यानंतर पहिल्यांदाच प्रवासाला निघालेली एक ताई होती. त्यांची औषधं, त्यांची पथ्यं, पायऱ्या चढताना लागणारा हात, यातलं काही एकदाही चुकलं नाही. आमचा सहल व्यवस्थापक सव्वीस-सत्तावीस वर्षांचा मुलगा. रात्री सगळे झोपल्यावर दुसऱ्या दिवसाच्या परवान्यांची कागदपत्रं लावत बसायचा. त्याच्या कष्टांबद्दल माझ्या मनात आदर आहे, आणि पुढे जे लिहिते आहे त्यातला एकही शब्द त्याच्यासाठी नाही. त्याच्या हातात जो कार्यक्रम दिला जातो तो तुम्ही आखता.

आमच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी एक तरुण बसायचा. गुडघ्यापर्यंतचा घो हा तिथला पारंपरिक पोशाख, पांढऱ्या शुभ्र दुमडलेल्या बाह्या, पायात लांब मोजे. भूतान सरकारचा परवाना असलेला मार्गदर्शक. परवान्यासाठी इतिहास, धर्म, निसर्ग, प्रथमोपचार असं शिक्षण घेऊन आलेला. हिंदी उत्तम, इंग्रजी त्याहून उत्तम. तर या माणसाच्या हातात माइक यायचा तो एवढंच सांगायला, की पुढचं स्वच्छतागृह पाऊण तासावर आहे आणि सकाळी बॅगा सात वाजता दाराबाहेर ठेवायच्या आहेत. बाकी वेळ अंताक्षरी, वाढदिवस, हौजी, उखाणे. मला उखाणे आवडतात. पण बाहेर वांगछू नदीचं खोरं उलगडत असताना आम्ही पडदे ओढून हौजीचे आकडे खोडत होतो, आणि त्या खोऱ्यातला माणूस आमच्याकडे पाठ करून गप्प बसला होता. दुसऱ्याच्या घरी जाऊन यजमानाला ओट्यावर बसवावं आणि आपणच त्याच्या माजघरात गप्पा मारत बसावं, तसं ते चित्र होतं.

तो गप्प बसला म्हणून काय काय हुकतं हे तुम्हाला कळावं, यासाठी दोन-तीन ठिकाणांबद्दल जरा सविस्तर लिहिते.

थिंफूहून पुनाख्याला जाताना दोचुलाची खिंड लागते, उंची सुमारे ३,१०० मीटर. तुमच्या पत्रकात ती ‘हिमशिखरांचं विहंगम दृश्य, १०८ स्तूप, फोटोसाठी थांबा’ अशी येते. आमचाही थांबा झाला. चहा झाला, ग्रुप फोटो झाला, दोघांनी स्तूपांच्या ओळीतून धावत येतानाचा व्हिडिओ काढला. ते १०८ चोर्तेन, म्हणजे स्तूप, तिथे का आहेत हे बसमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं. आसाम आणि उत्तर बंगालमधल्या सशस्त्र संघटनांनी, म्हणजे उल्फा, एनडीएफबी आणि केएलओ यांनी, दक्षिण भूतानच्या जंगलात तळ ठोकले होते. भूतानने वर्षानुवर्षं त्यांच्याशी बोलून पाहिलं. ते हलेनात, तेव्हा डिसेंबर २००३ मध्ये भूतानच्या छोट्याशा सैन्याने मोहीम काढून ते तळ मोडले. चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक स्वतः सैन्याबरोबर होते. त्या मोहिमेत जे पडले त्यांच्या स्मरणार्थ राणी आशी दोर्जी वांग्मो वांगचुक यांनी २००४ मध्ये हे चोर्तेन बांधवले. हे तळ भारताच्या विरोधात लढणाऱ्यांचे होते. ते मोडण्यासाठी भूतानची मुलं गेली. भारतीय पर्यटकांना तिथे उतरवताना एवढं तरी सांगायला नको का?

आणि हे सांगण्याची गरज आपल्याला, महाराष्ट्रातल्या माणसांना, जरा जास्तच आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेला एक बाइकस्वार याच दोचुलाच्या एका चोर्तेनवर चढला. त्याचे फोटो भूतानभर फिरले आणि पोलिसांना त्याची चौकशी करावी लागली. तेव्हा इथे अनेकजण म्हणाले की त्याला माहीत नव्हतं. असेलही. पण माहीत नसणं टाळता येतं, आणि ते टाळण्याचं साधन तुमच्या प्रत्येक बसमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसलेलं असतं.

दुसरं ठिकाण पुनाख्याचं झोंग, म्हणजे किल्ल्यासारखी वास्तू. फोछू आणि मोछू या दोन नद्यांच्या संगमावर १६३७-३८ मध्ये झाबद्रुंग न्गावांग नामग्याल यांनी ते उभं केलं. १९०७ मध्ये पहिले राजे उग्येन वांगचुक इथेच गादीवर बसले, आणि गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत पुनाखा हीच हिवाळ्यातली राजधानी होती. झोंगच्या दाराशी पोचल्यावर आमच्या मार्गदर्शकाने पिशवीतून पांढरं लांब वस्त्र काढलं, त्याची एक घडी मोडली, डाव्या खांद्यावरून घेऊन उजव्या हाताखालून फिरवलं, टोक पुन्हा खांद्यावर टाकलं आणि दोन्ही तळव्यांनी चुण्या बसवल्या. ते काबने. झोंगमध्ये शिरताना प्रत्येक भूतानी पुरुषाला ते घ्यावंच लागतं. सामान्य माणसाचं पांढरं, राजाचं आणि मुख्य धर्मगुरूंचं, म्हणजे जे खेन्पोंचं, केशरी, मधल्या अधिकाऱ्यांची वेगवेगळ्या रंगांची. झोंग म्हणजे अर्ध्या भागात सरकारी कचेरी आणि अर्ध्या भागात मठ, त्यामुळे तिथे जाणारा माणूस राज्याच्या आणि धर्माच्या अशा दोन्ही दारांतून एकदमच आत जातो. हे सगळं त्याने सांगितलं असतं. पण तो चुण्या बसवत असताना आमचा गट टोप्या न काढता दारातून पुढे गेलासुद्धा, कारण एक वाजता जेवण लागणार होतं.

जेवणानंतर मी आणि सांगलीच्या दोघीजणी त्याच्याजवळ जाऊन बसलो. नदीच्या काठाला दगडी बांध कशासाठी, एवढंच विचारलं. मग तो बोलू लागला. ७ ऑक्टोबर १९९४ रोजी उत्तरेकडच्या लुनानामध्ये लुग्गे नावाचं हिमनदीचं सरोवर फुटलं आणि फोछूला पूर आला. वीसएक माणसं गेली, झोंगचं नुकसान झालं, त्याच्या मावशीचं भाताचं शेत वाहून गेलं आणि त्या जागी नुसती वाळू राहिली. त्यानंतर नदीकाठी भोंगे बसवले, वरच्या भागात पाणी वाढलं की खालच्या गावांना इशारा मिळावा म्हणून. जवळच्याच थोरथोर्मी सरोवराची पातळी कमी करायला लोक दिवसचे दिवस चालत त्या उंचीवर गेले आणि हातातल्या अवजारांनी त्यांनी पाण्याला वाट खोदून दिली. अवजड यंत्रं तिथवर नेणं शक्यच नव्हतं. सांगलीच्या दोघींनी २०१९ च्या महापुरात आपली घरं पाण्यात पाहिली होती. त्यांनी त्याला इतके प्रश्न विचारले, की बसचा हॉर्न वाजला तरी त्या उठेनात. इशारा किती आधी मिळतो, भोंगा वाजल्यावर जायचं कुठे, म्हाताऱ्या माणसांना कोण नेतं? अख्ख्या सहलीतला सगळ्यात जिवंत संवाद हा होता आणि तो कार्यक्रमपत्रिकेत कुठेच नव्हता.

आता पैशांचं बोलू. आमच्या बिलात ‘भूतान टॅक्स’ अशी ओळ होती आणि त्यावरून निघण्यापूर्वीच्या बैठकीत बरीच कुरबुर झाली. ‘आपणच त्यांना एवढी मदत करतो आणि आपल्याकडूनच कर घेतात,’ असं एक गृहस्थ म्हणाले. व्यासपीठावरून त्यांना उत्तर मिळालं ते असं, की काय करणार, त्यांचा नियम आहे. तुम्ही व्यवसायात आहात, तुम्हाला यापेक्षा जास्त माहीत आहे. ते जास्तीचं सांगा. भूतानने १९७४ मध्ये परदेशी पर्यटकांना दार उघडलं तेव्हापासून ‘मोजके पाहुणे, पण नीट’ हेच धोरण ठेवलं आहे. इतर परदेशी पाहुणे दररोजची ठरावीक रक्कम भरून येत, आपण भारतीय मात्र त्यातून पूर्ण मोकळे होतो. २०१९ मध्ये ३ लाख १५ हजारांवर पर्यटक गेले, त्यात सर्वाधिक आपण. ज्या देशाची लोकसंख्या ८ लाखांच्या आत आहे, त्या देशात. पारोच्या एका खोऱ्यात त्याचा काय भार पडत असेल याचा अंदाज महाबळेश्वरला मे महिन्यात गेलेल्या कुणालाही येईल. कोविडमुळे मार्च २०२० मध्ये बंद झालेल्या सीमा २३ सप्टेंबर २०२२ रोजी उघडल्या, तेव्हा शाश्वत विकास शुल्क, म्हणजेच बिलातला तो ‘भूतान टॅक्स’, नव्याने लागू झालं. इतर देशांच्या नागरिकांना रात्रीमागे २०० डॉलर, जे पुढच्या वर्षी १०० वर आणलं गेलं. आपल्याला १,२०० रुपये. सहा वर्षांखालच्या मुलांना काही नाही, सहा ते बारापर्यंत निम्मं. म्हणजे जर्मनीहून आलेला माणूस एका रात्रीचे जेवढे भरतो तेवढ्यात आपला आठवडा निघतो. ही सवलत आहे, आणि शेजारी म्हणून दिलेली आहे. हा पैसा आरोग्य, शिक्षण, जंगल, रस्ते यांकडे जातो असं तिथलं सरकार सांगतं. भूतानच्या राज्यघटनेत देशाचा किमान ६० टक्के भूभाग कायम जंगलाखाली राहील असं लिहिलेलं आहे, आणि प्रत्यक्षात तो ७० टक्क्यांच्या आसपास आहे. ते जंगल राखायला कुणीतरी पैसे द्यावे लागतात. तिथली झाडं बघायला जाणाऱ्यांनी त्यातला वाटा उचलला तर त्यात वावगं काय?

बैठकीतल्या त्या गृहस्थांच्या म्हणण्याचा दुसरा भागही अर्धाच खरा आहे. भारताची मदत मोठी आहे, यात शंकाच नाही. १९६१ पासून आपल्या सीमा सडक संघटनेच्या ‘दंतक’ प्रकल्पाने तिथले रस्ते बांधले, फुंत्शोलिंग ते थिंफू हा डोंगर कापत गेलेला रस्ता त्यांचाच, आणि ते बांधताना अनेक भारतीय जवान आणि मजूर दगावले. चुखाचा ३३६ मेगावॉटचा आणि तालाचा १,०२० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प आपल्या पैशाने उभा राहिला. पण त्यातली वीज आपल्याकडे येते. वांगछूच्या पाण्यावर तयार झालेली वीज भारताच्या ग्रिडमध्ये गेली अनेक वर्षं वाहते आहे. हा व्यवहार दोन्ही बाजूंनी आहे आणि तो तसाच सांगायला हवा, म्हणजे बसमधला माणूस उपकार केल्याच्या तोऱ्यात खाली उतरणार नाही.

पत्रकातली आणखी एक ओळ काढून टाकावी अशी माझी कळकळीची विनंती आहे: ‘जगातला सर्वात आनंदी देश’. चौथ्या राजांनी सकल राष्ट्रीय आनंदाची कल्पना मांडली ती राज्यकारभाराची कसोटी म्हणून. आरोग्य, शिक्षण, वेळेचा विनियोग, संस्कृती, पर्यावरण, सुशासन अशा नऊ क्षेत्रांत लोकांचं कसं चाललं आहे हे मोजायचं आणि त्यावरून धोरण ठरवायचं. आम्ही सगळ्यांपेक्षा आनंदी आहोत असा दावा त्यात कुठेच नाही. जागतिक आनंद अहवालात २०१९ मध्ये भूतान ९५ व्या क्रमांकावर होता. आमच्या मार्गदर्शकाचा धाकटा भाऊ ऑस्ट्रेलियात पर्थला आहे, वहिनी तिथे वृद्धाश्रमात काम करते, आणि त्याच्या वर्गातले निम्मे मित्र असेच गेलेले आहेत. शिकलेली मुलं देश सोडून जाताहेत ही भूतानची आजची सगळ्यात मोठी काळजी आहे. १९९० च्या दशकात दक्षिणेकडच्या नेपाळी भाषक भूतानींपैकी सुमारे लाखभर लोकांना देश सोडावा लागला, नेपाळच्या छावण्यांमध्ये वर्षानुवर्षं काढावी लागली, आणि त्यातले बहुतेक पुढे अमेरिकेत आणि इतर देशांत वसवले गेले. हेही त्याच देशाच्या इतिहासात आहे. हे सगळं बसमध्ये सांगा असं मी म्हणत नाही. पण ‘इथे सगळे हसतमुख असतात’ असं आधीच मनात भरून दिलं, की समोरच्या माणसाकडे माणूस म्हणून पाहणं राहूनच जातं. आमच्यातल्या एका ताईंनी हॉटेलातल्या मुलीला विचारलं, ‘तू इतकी गंभीर का, तुमचा देश तर हॅपी ना?’ ती मुलगी त्या दिवशी पहाटेपासून आमचा नाश्ता लावत होती.

जेवणाबद्दल लिहिलं नाही तर पत्र मराठी माणसाचं वाटणार नाही. तुमचे महाराज अप्रतिम स्वयंपाक करतात. पुनाख्यात थालीपीठ मिळालं तेव्हा आजींच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पाहिलं आहे. तरीही रोज दोन्ही वेळा आपलंच जेवण कशाला? ज्या देशात मिरची हा मसाला नसून भाजी आहे तिथे कोल्हापूर-खानदेशच्या माणसांना नेऊन तुम्ही त्यांना मटकीची उसळ वाढता! एमा दात्शी म्हणजे मिरच्या आणि चीज, बस्स. मिरच्या उभ्या चिरलेल्या, मूठभर नव्हे, पातेलंभर. शरद ऋतूत पारोच्या घरांच्या पत्र्यांवर त्या वाळत घातलेल्या असतात तेव्हा छपरंच लाल दिसतात. तिखट न सोसणाऱ्यांना बटाट्याची केवा दात्शी आहे, अळिंबीची शामू दात्शी आहे, पारोचा लाल भात आहे. शाकाहारी माणसाचं काही अडत नाही. एक दिवस, निदान एक दुपार, गटाला एखाद्या भूतानी घरात जेवायला न्या. अशी घरं आहेत, तुमच्या तिथल्या भागीदारांना ती ठाऊक आहेत, आणि तिथे दिलेला पैसा थेट त्या घरातल्या बाईच्या हातात पडतो. माझी जी मैत्रीण अशी जेवून आली, ती अजून त्या चुलीबद्दल आणि मीठ-लोण्याच्या सुजा चहाबद्दल बोलते. हॉटेलांची नावं ती केव्हाच विसरली.

हे सगळं करायला वेळ कुठे आहे, असं तुम्ही म्हणाल. ठिकाणं कमी करा. थिंफूत आम्ही एका दिवसात मेमोरियल चोर्तेन, ५१ मीटरची बुद्धमूर्ती, टाकिन प्राण्यांचं राखीव क्षेत्र, डाक कार्यालय, हस्तकलेचा बाजार आणि झोंग एवढं पाहिलं. मेमोरियल चोर्तेनला सकाळपासून म्हातारी माणसं जपमाळ घेऊन प्रदक्षिणा घालत असतात, मोठ्या प्रार्थनाचक्रांशेजारी बसून डबा खातात, एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करतात. आमच्या गटातल्या निम्म्या लोकांना तिथेच तास-दोन तास बसायला आवडलं असतं. पंढरीची वारी केलेल्या माणसाला ते दृश्य समजावून सांगावं लागत नाही. पारोच्या ताक्त्सांगचंही तसंच. ३,१२० मीटरवरचा तो मठ १६९२ चा, १९९८ मध्ये आगीत जळाला, आणि लोकांनी तो पुन्हा जसाच्या तसा उभा केला. साठीपुढच्या माणसाला ती चढण सावकाश चढता येते, पण तुमच्या कार्यक्रमात त्याच संध्याकाळी खरेदी असते. मग बरीच मंडळी अर्ध्यावरच्या उपाहारगृहातून मठाकडे बघतात आणि परत फिरतात. त्या दिवशी दुसरं काहीही ठेवू नका.

आणि फोब्जिखाला न्या. पुनाख्याहून तीनेक तासांवर आहे, तरी बहुतेक मराठी गट तिथे जात नाहीत. त्या रुंद पाणथळ खोऱ्यात दर हिवाळ्यात तिबेटकडून काळ्या मानेचे करकोचे येतात, ऑक्टोबरअखेरीपासून मार्चच्या सुमारापर्यंत राहतात. येताना आणि जाताना ते गांगतेच्या गोंपाला, म्हणजे मठाला, प्रदक्षिणा घालतात, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. खोऱ्यात वीज आणायची वेळ आली, तेव्हा उडत्या पक्ष्यांना तारा लागू नयेत म्हणून त्या जमिनीखालून नेल्या. मी गेले ते माझ्या हट्टाने, सहल संपल्यावर मुक्काम वाढवून, त्याच मार्गदर्शकाला सोबत घेऊन. तो तिथे आधी कुणाशीच बोलला नाही. दुर्बीण माझ्या हातात दिली आणि कुठे पाहायचं ते बोटाने दाखवलं. एक जोडी आणि त्यांच्यामध्ये तांबूस डोक्याचं पिल्लू. मग त्याने सांगितलं की ही जोडी शक्यतो आयुष्यभराची असते, आणि गावातली मुलं नोव्हेंबरमध्ये गोंपाच्या अंगणात करकोचांचं सोंग घेऊन नाचतात. आपल्या गटांना हे दाखवायचं असेल, तर भूतानची सहल फक्त मे महिन्याच्या सुट्टीत काढून चालणार नाही. दिवाळीनंतरचा एक गट तरी ठेवावा लागेल.

गटाच्या परतीच्या दिवशी बसमध्ये काय झालं ते सांगते. पारोहून फुंत्शोलिंगकडे उतरताना धुकं होतं, आणि एका वळणावर दरड साफ करण्यासाठी वाहनं थांबवून ठेवली होती. सगळे खाली उतरलो. वरच्या उतारावर उंच काठ्यांना बांधलेली पांढरी निशाणं दाटीने उभी होती. नवरा गेल्यानंतर पहिल्यांदा घराबाहेर पडलेल्या आमच्या ताईने मार्गदर्शकाला विचारलं, बाकी सगळीकडे रंगीत असतात, ही पांढरीच का? तो म्हणाला, ही गेलेल्या माणसासाठी. घरचे लोक १०८ उभी करतात, वाऱ्याबरोबर मंत्र जातो आणि त्या जिवाचा पुढचा प्रवास सोपा होतो. ताईने विचारलं, ही काढतात कधी? काढत नाहीत, तो म्हणाला, ती आपोआप विरून जायची. ताई रस्ता मोकळा होईपर्यंत तिथेच उभी राहिली, आणि तो तिच्याजवळ, काही न बोलता. बसमध्ये परत आल्यावर ती मला म्हणाली, ‘या मुलाला आपण पहिल्या दिवसापासून बोलू द्यायला हवं होतं.’

त्यानंतर बसमध्ये निरोप समारंभ झाला. टिपची पाकिटं दिली, टाळ्या झाल्या, मार्गदर्शकाला दोन शब्द बोलायला सांगितलं. त्याने सगळ्यांची नावं घेऊन आभार मानले. आमच्यापैकी कितीजणांना त्याचं नाव माहीत होतं हे मी इथे लिहीत नाही. रिंचेंडिंगच्या चौकीवर परवाने तपासले गेले, तासाभरात फुंत्शोलिंगच्या कमानीतून गट भारताच्या बाजूच्या जयगावला गेला, आणि तो आणि मुक्काम वाढवलेली मी अलीकडेच थांबलो. सीमा बंद होती ती अडीच वर्षं जयगावच्या दुकानदारांनी कशी काढली असतील, रोज पलीकडे कामाला जाणाऱ्या माणसांचं काय झालं असेल, हे त्याला विचारायचं माझ्या मनात होतं. फोब्जिखाहून परतताना विचारलं, आणि त्याच्याकडे त्याचंही उत्तर होतं, कारण त्याची बायको फुंत्शोलिंगची.

म्हणून माझं मागणं असं आहे. भूतानच्या कार्यक्रमपत्रिकेत रोजचा ठरावीक वेळ स्थानिक मार्गदर्शकासाठी लिहूनच ठेवा, सकाळी बस निघाल्यानंतरचा पहिला तास असेल तर उत्तम, तेव्हा सगळे ताजेतवाने असतात. त्याच्या हिंदीतलं ज्या ज्येष्ठांना कळणार नाही त्यांच्यासाठी तुमचा व्यवस्थापक शेजारी बसून मराठीत सांगेल, आणि दोन सहलींनंतर तोही भूतानबद्दल नीट बोलू लागेल. निघण्यापूर्वीच्या बैठकीत ज्या तपशिलाने मतदार ओळखपत्र चालतं, आधार चालत नाही, स्वेटर किती घ्यावेत हे सांगता, त्याच तपशिलाने झोंगमध्ये टोपी काढायची, अंगभर कपडे घालायचे, देवळात फोटो काढायचे नाहीत, चोर्तेनला उजवी घालून जायचं हे सांगा. शाश्वत विकास शुल्काचं नाव बिलावर पूर्ण लिहा आणि रक्कम कशाची आहे ते एका वाक्यात खाली छापा. व्यवसायाचं गणित मला शिकवता येणार नाही, पण दोन ठिकाणं कमी करून एक मुक्काम वाढवलेली सहल थोड्या जास्त पैशांत घ्यायला आमच्या गटातले निदान निम्मे तयार होते. ते मी प्रत्येकाला विचारून मगच लिहिते आहे.

पुढच्या मोसमाची पत्रकं लवकरच छापायला जातील. त्याआधी थिंफूतल्या तुमच्या भागीदार कंपनीला एक फोन करा. साहेबांशी बोलून झालं की मराठी गटांबरोबर फिरणाऱ्या मार्गदर्शकांपैकी कुणालातरी फोनवर बोलवा आणि विचारा, की कार्यक्रम तुम्ही आखायचा असता तर कुठे थांबला असतात, आणि कुठे थांबलाच नसतात. जे उत्तर येईल त्यातलं जमेल तेवढं या वर्षी करा, उरलेलं पुढच्या वर्षी. तशी सहल कुणी जाहीर केली तर मी पुन्हा येईन, आणि सांगलीच्या दोघींनी त्यांचीही नावं आताच धरायला सांगितली आहेत.

आपली,
भूतानहून परतलेली एक प्रवासी
पुणे